कुणालाच मत द्यावंसं वाटत नाही. मग केंद्रावर जाऊन नेमकं काय करायचं?

निंबोणी
पुढची लोकसभा २०२९ ला आहे. तरीही हा विषय आत्ताच काढते, कारण ऐन प्रचारात कुणी शांतपणे बोलत नाही. आजूबाजूला ज्याला विचारावं तो म्हणतो, "कुणालाही द्या, शेवटी जायचं तिथेच जातात." ज्या चिन्हावर निवडून आले ते चिन्ह सोडलं, ज्यांच्या विरोधात मतं मागितली त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले. हा राग खरा आहे आणि तो पोकळ नाही.

माझ्यापुढे चार वाटा आहेत. घरी बसणं, नोटा दाबणं, केंद्रावर जाऊन मत न देता परत येणं, आणि अख्ख्या गावानं किंवा सोसायटीनं बहिष्कार टाकणं. यातल्या कुठल्या गोष्टीची कुठे नोंद होते? कुठलीचा परिणाम होतो? पक्षांना शिव्या घालायला दुसरे धागे आहेत, इथे कृपया नियम आणि अनुभवाचं शहाणपण सांगा.

कोरडवाहू
नोटा. विषय संपला.

सतरासी
कोरडवाहू, विषय तिथे सुरू होतो.

नोटा आला सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानं. त्या निकालाचा गाभा गुप्ततेचा होता. त्याआधी कुणालाच मत न देण्याचा हक्क होता, पण तो वापरायला केंद्राध्यक्षासमोर उघड बोलावं लागायचं, म्हणजे गुप्तता गेलीच. म्हणून यंत्रावर बटण द्या, असं न्यायालय म्हणालं. नोटाला जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द करा, असं ते म्हणालेलं नाही.

निवडणूक नियमांतला नियम ६४ सरळ आहे: वैध मतांत ज्या उमेदवाराला सर्वांत जास्त, तो विजयी. नोटा हा उमेदवार नाही. लाखभर मतदारांपैकी ९९ हजारांनी नोटा दाबला आणि एका उमेदवाराला ६०० व दुसऱ्याला ४०० मतं पडली, तर ६०० वाला खासदार होतो.

हे कल्पनेतलं वाटत असेल तर २०२४ चं इंदूर बघा. काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला, त्यानंतर तिथे नोटाला २,१८,६७४ मतं पडली. विजयी उमेदवाराला १२,२६,७५१. आता मताधिक्य अधिकृतरीत्या किती लागलं? ११,७५,०९२. म्हणजे वजा केला तो तिसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराचा आकडा. दुसऱ्या क्रमांकावरचे नोटाचे दोन लाखांहून जास्त लोक मताधिक्याच्या हिशेबात धरलेच नाहीत.

पाणवठा
तरी नोंद झालीच ना? इंदूरचा आकडा आज आपण इथे बोलतोय तो नोटामुळेच. घरी बसलेले कितीही असोत, त्यांना आळशी म्हणून मोकळे होतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० च्या घरात मतं. भाजप-शिवसेना युतीच्या उमेदवाराला साडेतेरा हजारांच्या आसपास. त्याच वेळी पलूस-कडेगावातही नोटा दुसरा, २० हजारांच्या वर. दोन्हीकडे युतीच्या कार्यकर्त्यांना वरून लादलेलं जागावाटप पचलं नव्हतं, हे त्या आकड्यांनी लिहून ठेवलं. एखाद्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला हा आकडा झोंबत नाही असं तुम्हाला वाटतं का?

सतरासी
झोंबतो, मान्य. पण निकालाला धक्का लागत नाही आणि पाच वर्षांनी तो आकडा कुणी काढत नाही.

आणखी एक गोष्ट, जी नोटा दाबणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते. अनामत वाचायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. नोटा वैध मतांत धरत नाहीत. समजा १२,००,००० मतं पडली आणि त्यातली ६०,००० नोटाला गेली. वैध उरली ११,४०,०००, त्याचा सहावा हिस्सा १,९०,०००. तीच ६० हजार मतं विखुरलेल्या अपक्षांना गेली असती तर उंबरठा २,००,००० झाला असता. म्हणजे तुम्ही ज्या पडेल उमेदवारावर चिडून नोटा दाबलात, त्याची अनामत वाचणं तुम्ही १० हजार मतांनी सोपं केलंत.

कोरडवाहू
हे खरंच माहीत नव्हतं. मग माझा एका शब्दाचा प्रतिसाद मागे घेतो.

उंबरझरा
मी नोटाच्या बाजूनं नाही, पण एक महत्त्वाची सुधारणा. सतरासी यांचं म्हणणं लोकसभा-विधानसभेपुरतं खरं आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका केंद्राचा नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निकाल जाहीर न करता पुन्हा निवडणूक घ्यायची. दुसऱ्या फेरीतही नोटाच पुढे राहिला तर मात्र उमेदवारांतला जास्त मतांचा विजयी. म्हणजे आपल्या प्रभागात नोटाला दात आहेत, लोकसभेला नाहीत. दोन्हीकडे बटण दिसायला सारखंच, त्यामुळे घोळ होतो.

लोकसभेसाठीही असंच व्हावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहे, एप्रिल २०२४ मध्ये त्यावर आयोगाला नोटीस निघाली होती.

वेशीबाहेर
आणि बिनविरोध झाली तर नोटाही नाही! सुरत २०२४. एका उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या, म्हणजे त्याचं नाव सुचवणाऱ्या मतदारांच्या, सह्यांवरून बाद, बाकीच्यांची माघार, मतदानाच्या दोन आठवडे आधीच २२ एप्रिलला खासदार ठरला. तिथल्या मतदारांना नापसंती दाखवायलासुद्धा यंत्र मिळालं नाही. नोटा हा उमेदवार मानला असता तर बिनविरोध हा शब्दच उरला नसता. माझ्या मते खरी मागणी ही असायला हवी.

शाईचा थेंब
निंबोणीताई, तुमच्या तिसऱ्या वाटेबद्दल सांगतो. केंद्रावर जाऊन मत न देता परत येणं, याला नियम ४९-ओ म्हणतात. नोटा आल्यावरही तो नियम आहेच.

पायऱ्या अशा. पहिला मतदान अधिकारी यादीतलं नाव आणि ओळखपत्र बघतो. दुसऱ्याकडे १७-ए या मतदारांच्या नोंदवहीत सही किंवा अंगठा, बोटाला शाई, आणि मतदार चिठ्ठी. तिसरा चिठ्ठी घेऊन त्याच्या टेबलावरच्या कंट्रोल युनिटवरचं 'बॅलट' बटण दाबतो, मग तुम्ही पडद्याआड जाता. ४९-ओ वापरायचा तर १७-ए मध्ये सही झाल्यावर सांगायचं की मला मत नोंदवायचं नाही. केंद्राध्यक्ष तुमच्या नोंदीसमोर तसा शेरा लिहितो आणि त्याखाली तुमची सही किंवा अंगठा घेतो. तुम्हाला कुणी जबरदस्तीनं बटण दाबायला लावू शकत नाही.

घोळ कुठे होतो? 'बॅलट' दाबून झालं आणि मग मतदार नाही म्हणाला तर. पडद्याआडचं बॅलट युनिट, म्हणजे उमेदवारांच्या बटणांचं यंत्र, मत घ्यायला तयार होऊन बसलेलं असतं. अशा वेळी पुढच्या मतदाराला थेट पडद्याआड पाठवतात, दुसऱ्यांदा 'बॅलट' दाबायचं नसतं. तो दिवसाचा शेवटचाच मतदार असेल तर कंट्रोल युनिट एकदा बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, नाहीतर मतदान संपवायचं 'क्लोज' बटण चालत नाही. आणि शेरा लिहायचा राहिला तर संध्याकाळी १७-ए मधले मतदार आणि यंत्रातली मतं यांत एकाचा फरक येतो, सगळं केंद्र रात्री तो एक आकडा शोधत बसतं. म्हणून ज्याला ४९-ओ वापरायचाय त्यानं दुसऱ्या टेबलावरच स्पष्ट सांगावं.

नोंद कुठे जाते तेही सांगतो. १७-सी या नमुन्यात, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबात, ४९-ओ ची वेगळी ओळ असते. पण मतमोजणीच्या निकालपत्रकात नोटाचा आकडा जसा उमेदवारांखाली छापून येतो, तसा ४९-ओ चा येत नाही.

निंबोणी
शाईचा थेंब, फार नेमकं सांगितलंत. म्हणजे गुप्तता जाते आणि आकडाही कुणाला दिसत नाही. ही वाट माझ्यापुरती बंद.

मधली सुट्टी
१७-ए, १७-बी, १७-सी… शाळेतल्या तुकड्या आठवल्या :)
१७-बी कशाचा असतो?

शाईचा थेंब
प्रदत्त मतांचा. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवा, १७-बी मध्ये सही करा, तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात बंद होते. यंत्रावर मात्र देता येत नाही. नेहमीच्या मोजणीत ती मतपत्रिका धरत नाहीत, पण निकालाला न्यायालयात आव्हान मिळालं तर तिला किंमत येते. निराश मतदार "जाऊ दे" म्हणून परत जातो आणि बोगस मत पचतं.

बांधावरची बोर
गावाच्या बहिष्काराबद्दल लिहिते, कारण दर निवडणुकीला हे होतं आणि गाव फसतं.

रस्ता नाही, पूल नाही, म्हणून गाव ठरवतं की कुणी मतदान करायचं नाही. त्या दिवशी काय घडतं? केंद्र तरीही उघडतं. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं, ते पुसून यंत्र सील होतं. कर्मचारी संध्याकाळपर्यंत बसून राहतात, केंद्राध्यक्ष दैनंदिनीत लिहितो, १७-सी मध्ये शून्य भरलं जातं. फेरमतदान होत नाही. यंत्र फोडलं, केंद्र बळकावलं, दंगल झाली अशा कारणांनी फेरमतदान लागतं, मतदार आले नाहीत म्हणून नाही. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार, आणि लोकसभा मतदारसंघात अशी दोन हजारांच्या आसपास केंद्रं. एक शून्य कुठे हरवतं ते कळत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी तहसीलदार येतात, आश्वासन देतात, गाव विरघळतं. त्या आश्वासनात जीव नसतो, कारण आचारसंहितेत नव्या कामाला मंजुरी देताच येत नाही. कार्यारंभ आदेश निघून जागेवर सुरू झालेलं काम तेवढं चालू ठेवता येतं.

म्हणून दबाव आणायचा तर वर्षभर आधी. २६ जानेवारी किंवा १ मे च्या ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात "रस्ता करावा" एवढंच लिहू नका: कुठून कुठपर्यंत, किती मीटर, रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक आहे की नाही, ते लिहा. क्रमांक नसलेल्या पाणंदीवर बांधकाम विभाग खर्च टाकत नाही आणि बहुतेक ठराव तिथेच मरतात. मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. फाइल यातल्या कुठल्या टेबलावर आहे ते माहिती अधिकारात १० रुपयांत कळतं, उत्तराला ३० दिवस. आचारसंहितेआधी कार्यारंभ आदेश हातात हवा, हे ध्येय ठेवलं तर बहिष्काराची धमकी कामाची आहे. धमकी आधी द्यायची, बहिष्कार टाकायचा नाही.

पाणवठा
बोरताई, हा प्रतिसाद छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा असा आहे.

आडवाट
थोडं अवांतर, पण मूळ दुखण्याला धरून. लोक निराश आहेत ते मत फुकट गेल्यानं नाही, मत विकलं गेल्यानं. पक्षांतरबंदी १९८५ ला आली तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचे. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती सवलत काढली. आता दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं, हीच पळवाट कायद्यात उरली. महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ मध्ये काय झालं? विलीनीकरण कुणीच केलं नाही, दोन्ही गट म्हणाले आम्हीच मूळ पक्ष. नाव आणि चिन्ह आयोगानं दिलं, १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेचं आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे. जून २०२२ ला सुरू झालेल्या शिवसेनेच्या प्रकरणाचा निकाल १० जानेवारी २०२४ ला लागला, आणि दोन्ही पक्षांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही.

अध्यक्षानं किती दिवसांत निर्णय द्यायचा, याची मुदत घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, लिहिलेलीच नाही. तीन महिन्यांत द्यावा असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं, पण परिशिष्ट बदललं नाही. उमेदवार दारात आला की त्याला एवढंच विचारा: ही मुदत कायद्यात घालायला तुमचा पक्ष तयार आहे का?

वेशीबाहेर
चिन्हांच्या गोंधळाची किंमतही मतदारानंच मोजली. साताऱ्यात २०२४ ला एका बाजूला 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि दुसरीकडे एका अपक्षाला पिपाणीचं चित्र, ज्याचं मराठी नाव यादीत 'तुतारी' असंच छापलेलं. पिपाणीला ३७,०६२ मतं. निकालातलं अंतर ३२,७७१. त्यातली किती चुकून पडली ते कुणी सिद्ध करू शकत नाही, पण उन्हात रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला "तुतारी दाबा" एवढंच सांगितलं असेल, तर त्याचा काय दोष?

सतरासी
म्हणून घरातल्या वयस्कर मंडळींना चिन्हाचं नाव सांगू नका, क्रमांक आणि फोटो सांगा. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो असतो. शेवटची यादी माघारीनंतर लागते, क्रमांक तेव्हाच पक्का होतो.

कडूलिंब
मी या सगळ्याशी असहमत आहे. मुंबई उत्तर पश्चिम, २०२४: फरक ४८ मतांचा. ४,५२,६४४ विरुद्ध ४,५२,५९६. तिथे नोटाला १५ हजारांच्या वर मतं होती. त्या पंधरा हजारांना दोघांत खरोखरच तसूभर फरक दिसला नसेल? आपल्याला आदर्श उमेदवार हवा असतो, आणि तो नाही म्हणून निर्णय दुसऱ्यांच्या हाती सोपवतो. दोन वाईटांतला कमी वाईट निवडणं हे कमीपणाचं नाही.

निंबोणी
कडूलिंब, कमी वाईट कोण हे ठरवायचं कशावरून? भाषणांवरून तर नाही.

गोधडी
कागदांवरून. चार ठिकाणी बघा.

पहिलं नमुना २६ चं शपथपत्र. अर्ज भरला की आयोगाच्या संकेतस्थळावर चढतं. त्यात प्रलंबित गुन्हे कलमांसह, पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न, पती-पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, सरकारी घराचं थकलेलं भाडं-वीज-पाणी. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून वाचा. जमिनीचा गट क्रमांक दिलेला असतो, सातबारा कुणालाही ऑनलाइन बघता येतो. दोन शपथपत्रांतली वाढ उत्पन्नाच्या रकान्याशी जुळते का, हे गणित चौथीतलं पोर करेल.

दुसरं सी-७ हा पक्षानं भरायचा नमुना. हा सगळ्यात दुर्लक्षित. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानंतर, गुन्हे प्रलंबित असलेल्याला तिकीट दिलं तर पक्षाला कारण लिहून प्रसिद्ध करावं लागतं: हाच का, आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही. निवडीनंतर ४८ तासांत, एका स्थानिक आणि एका राष्ट्रीय वृत्तपत्रात आणि पक्षाच्या समाजमाध्यमांवर. "निवडून येण्याची क्षमता" एवढंच कारण चालत नाही. प्रत्यक्षात "लोकप्रिय आहेत, समाजसेवा करतात, गुन्हे राजकीय सूडातून" अशी एकच ओळ दहा उमेदवारांना चिकटवतात. ती ओळ कापून सोसायटीच्या गटावर टाका आणि पक्षाच्या शाखेत जाऊन विचारा की ही समाजसेवा कुठली. माणसं गडबडतात.

तिसरं, उमेदवारानं स्वतः माघारीच्या तारखेनंतर तीन वेळा गुन्ह्यांची जाहिरात द्यायची असते. ती आली का बघा. नसेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार.

चौथं, खर्चाची नोंदवही. लोकसभेला मर्यादा ९५ लाख. प्रचारकाळात ती किमान तीनदा तपासली जाते आणि नक्कल पानाला १ रुपया देऊन कुणालाही मिळते. तुमच्या चौकात झालेल्या सभेचे मंडप, खुर्च्या, गाड्या त्यात आहेत का, मोजून बघा. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, त्यामुळे बरंच तिकडे ढकलतात. पण व्यासपीठावर उमेदवार बसला असेल किंवा त्याचा फलक लागला असेल तर त्याचा वाटा त्याच्या खात्यात यायला हवा.

पाणवठा
सी-७ बद्दल पहिल्यांदाच वाचतोय. इतकी वर्षं मतदान करूनही!

आडवाट
आणि यातलं काहीच पटलं नाही तर आपल्यातला एखादा उभा करा. अपक्षाला १० सूचक लागतात, सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२,५००. अर्ज नमुना २-ए, निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं किमान एक दिवस आधी. बाद होण्याची नेहमीची कारणं: शपथपत्रात रकाना कोरा सोडणं (लागू नसेल तर "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचंच), सूचकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक चुकणं, दुसऱ्या मतदारसंघात नाव असेल तर यादीचा प्रमाणित उतारा न जोडणं. ३ वाजता दार बंद होतं, म्हणून शेवटच्या दिवशी जाऊ नका. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरू शकता, पडलात तरी.

कडूलिंब
यावर मात्र सहमत.

बांधावरची बोर
एवढं सगळं वाचून केंद्रावर गेलात आणि नावच नाही, असं होऊ नये. यादी आत्ता बघा. नवीन नावाला नमुना ६, पत्ता किंवा दुरुस्तीला नमुना ८, मृत किंवा गेलेल्याचं नाव काढायला ७. वर्षातून चार अर्हता दिनांक (१८ वर्षं पूर्ण झाली का ते ज्या तारखेला बघतात) आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. कायद्यानं उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत नाव घालता येतं, पण हरकतींसाठी ७ दिवस सोडावे लागतात, म्हणून त्याच्या १० दिवस आधी अर्ज गेलेला बरा. हातात ओळखपत्र आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं नसतं.

कोरडवाहू
एक शेवटचा प्रश्न. सगळं बघूनही नोटाच दाबायचा ठरला तर तो नेहमी सगळ्यात खाली असतो ना? उमेदवार ४१ असले तर?

शाईचा थेंब
एका बॅलट युनिटवर १६ बटणं. ४१ उमेदवार आणि नोटा मिळून ४२, म्हणजे तीन युनिट्स शेजारी शेजारी. नोटा तिसऱ्या युनिटवर दहावा. त्याच्या खालची सहा बटणं झाकलेली असतात. खूण मतपत्रिकेवर काळी फुली अशी. दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत ७ सेकंद चिठ्ठी दिसते, तिच्यावरही ४२ आणि तीच खूण दिसायला हवी. वेगळं दिसलं तर बाहेर येऊन नाही, तिथेच केंद्राध्यक्षाला सांगा.

निंबोणी
सगळ्यांचे आभार. गोधडी, आमच्या मतदारसंघातल्या २०२४ च्या पहिल्या तीन उमेदवारांची शपथपत्रं आज उतरवून घेतली. २०१९ ची पण आहेत. जमिनीच्या रकान्यापासून सुरुवात करते, जुळलं नाही तर इथेच विचारेन.

गोधडी
आधी शेतजमीन आणि बिनशेती वेगळी काढा, ताई. गट क्रमांक तोच आणि प्रकार बदललेला, असं दिसलं की तिथे थांबून फेरफार बघा.